लवकरच आटोपेल!

दुसरे महायुद्ध कशामुळे झाले, हा प्रश्न घरात सहज टाकून पाहा. आजोबांपासून शाळकरी नातवापर्यंत सगळे एकच नाव घेतील : हिटलर. आणि ते कोणत्या लढाईने फिरले असे विचारले, तर ज्याने जो चित्रपट पाहिला असेल त्यातली लढाई तो सांगेल. कुणी स्टालिनग्राड म्हणेल, कुणी नॉर्मंडीचा किनारा म्हणेल, कुणी थेट हिरोशिमावर जाऊन थांबेल. यांतले एकही उत्तर खोटे नाही. परंतु ती ऐकताना असे वाटू लागते की, एक माथेफिरू जन्माला आला म्हणून युद्ध झाले आणि चार शूर सेनापती भेटले म्हणून ते संपले. इतिहास इतका सोपा असता तर पुढची युद्धे टाळणेही सोपे झाले असते. माथेफिरू ओळखायचा, वेळीच बाजूला करायचा, की झाले!

दिवाळीच्या अंकात युद्धाचा विषय कशाला, असेही कुणी म्हणेल. पण या सदराचा रिवाज वाचकांना ठाऊक आहे. एरवी दर आठवड्याच्या दोन कॉलमांत जे मावत नाही, ते दिवाळीला ऐसपैस मांडायचे. शिवाय दिवाळी हा जसा दिव्यांचा सण तसा वहीपूजनाचाही. जुन्या वहीचा ताळेबंद करून नवी वही उघडण्याचे हे दिवस. म्हणून आज एक जुनी वही काढू या. ती बर्लिनमध्ये लिहिली गेली, टोकियोत लिहिली गेली, आणि थोडीफार लंडन-पॅरिसमध्येही लिहिली गेली. तिच्या पहिल्या पानावर प्रत्येकाने जवळजवळ एकच वाक्य लिहिले होते : ‘लवकरच आटोपेल.’

द्वेष, हाव, सूड, अपमान ही युद्धाची कारणे खरीच. पण ती तर जगात नेहमीच असतात. घरात रॉकेल असते म्हणून रोज आग लागत नाही. काडी ओढायला धीर लागतो, आणि तो धीर देते हे चार शब्दांइतकेही नसलेले वाक्य. थोडक्यात भागणार असेल तर करून टाकू, असे राज्यकर्त्यांना वाटते आणि प्रजेलाही पटते. दुसऱ्या महायुद्धाची कलाटणी शोधायची, तर हे वाक्य खोटे ठरले तो दिवस शोधला पाहिजे.

महागाई की बेकारी?

आधी हिटलर आला कसा, ते पाहू. पहिल्या महायुद्धानंतर २८ जून १९१९ रोजी व्हर्साय येथे तह झाला. युद्धाची जबाबदारी जर्मनीच्या माथी बसली, मुलूख गेला, सैन्य एक लाखावर आणले गेले. १९२१ मध्ये भरपाईचा आकडा ठरला तो १३२ अब्ज सुवर्ण मार्कांचा. पुढे १९२३ च्या नोव्हेंबरात मार्क इतका घसरला की, एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत. जन्मभर साठवलेल्या पुंजीत पाव विकत मिळेना. मध्यमवर्ग धुऊन निघाला.

इथून पुढची गोष्ट बहुतेक पुस्तकांत एका दमात सांगतात : तह, महागाई, हिटलर. पण मतपेट्या निराळे बोलतात. महागाई आटोक्यात आल्यावर, १९२८ च्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाला मिळाली फक्त २.६ टक्के मते आणि १२ जागा. म्हणजे तहाची जखम ताजी, महागाईची आठवण ताजी, तरी जर्मन मतदाराने त्याला दारातूनच वाटेला लावले होते. मग १९२९ मध्ये अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला, अमेरिकन कर्जे आटली, आणि १९३२ पर्यंत जर्मनीत साठ लाखांच्या आसपास माणसे बेकार झाली. त्याच १९३२ च्या जुलैमध्ये हिटलरच्या पक्षाला ३७.३ टक्के मते आणि २३० जागा मिळाल्या. नोव्हेंबरात मते थोडी उतरलीही. तरीसुद्धा ३० जानेवारी १९३३ रोजी तो पंतप्रधान झाला. तो झाला याचे कारण असे की, याला खुर्चीत बसवू, वापरून घेऊ आणि दोन-चार महिन्यांत गुंडाळून ठेवू, असे काही जुन्या मुत्सद्द्यांना वाटले. ‘लवकरच आटोपेल’ हे वाक्य जर्मनीत प्रथम उच्चारले गेले ते असे, हिटलरविषयीच!

त्यानंतरची तीन-चार वर्षे हे वाक्य लंडन-पॅरिसला फिरत होते. ७ मार्च १९३६ रोजी हिटलरने तह मोडून ऱ्हाइन प्रांतात फौज घातली. फौज लहान होती, आणि फ्रेंच समोर आलेच तर मागे फिरण्याची तिला आज्ञा होती. फ्रेंच आले नाहीत. १९३८ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रिया गेला. सप्टेंबरअखेर म्युनिकला चँबर्लेन आणि दलादिये यांनी चेकोस्लोव्हाकियाचा डोंगरी सीमाप्रांत, त्या देशाला बैठकीत न बसवताच, हिटलरला देऊन टाकला. शेजाऱ्याची भिंत देऊन आपल्या घराला शांतता विकत घेण्याचा हा व्यवहार होता. सहा महिने उलटायच्या आत, १५ मार्च १९३९ रोजी, जर्मन फौज प्रागमध्ये होती.

चँबर्लेन भेकड होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. पहिल्या युद्धात एक पिढी कापली गेली होती, तिची आठवण त्यांच्या मागे उभी होती. चुकले ते एवढेच की, थोडे दिले म्हणजे मिटेल असे त्यांनी धरले. घेणारा मात्र प्रत्येक घासानंतर निराळेच शिकत होता : हे लोक लढत नाहीत. २३ ऑगस्ट १९३९ रोजी हिटलरने रशियाशी करार करून पोलंड आपसात वाटून घेतला, आणि १ सप्टेंबरला तो पोलंडवर चालून गेला. ब्रिटन-फ्रान्स याही वेळी गप्प बसतील, असा त्याचा आडाखा होता. ३ सप्टेंबरला दोघांनी युद्ध पुकारले.

यशाची झिंग

यानंतर जे घडले ते जर्मनीचे दुर्दैव म्हणावे लागेल. कारण तिला यश आले. १० मे १९४० रोजी पश्चिमेकडे चढाई सुरू झाली, १४ जूनला पॅरिस पडले आणि २२ जूनला फ्रान्सने शस्त्रे ठेवली. सहा आठवडे! फ्रान्सचे रणगाडे संख्येने कमी नव्हते आणि सैनिकही भित्रे नव्हते. आर्देनच्या जंगलातून मोठी फौज येणार नाही असे फ्रेंच सेनापतींनी गृहीत धरले, आणि जर्मन तिथूनच आले. डंकर्कच्या वाळूवरून ३,३८,००० सैनिक इंग्लंडने कसेबसे उचलून नेले.

फ्रान्स सहा आठवड्यांत पडतो, मग रशियाला किती लागतील? हा हिशेब मांडताना बर्लिनमधल्या भल्या भल्या सेनापतींची बुद्धी फिरली. इंग्लंडचे आकाश जर्मन विमानांना १९४० च्या उन्हाळ्यात जिंकता आले नव्हते, हा इशारा खरे तर पुरेसा होता. परंतु १८ डिसेंबर १९४० च्या हुकूमनाम्यात हिटलरने रशियाला झटपट मोहिमेत चिरडण्याची आज्ञा दिली. २२ जून १९४१ रोजी तीस लाखांवर जर्मन सैनिक सरहद्द ओलांडून गेले. त्यांच्याबरोबर मोटारी होत्या, रणगाडे होते, आणि सहा लाखांवर घोडेही होते. ‘यांत्रिक’ म्हणून गाजलेल्या त्या सैन्याच्या बहुतेक तोफा आणि शिध्याच्या गाड्या घोडेच ओढत होते.

३ जुलैला जर्मन भूदलाच्या जनरल स्टाफचा प्रमुख हाल्डर याने आपल्या रोजनिशीत नोंद केली की, ही मोहीम दोन आठवड्यांत जिंकली असे म्हणायला हरकत नाही. ११ ऑगस्टला त्याच रोजनिशीत तो लिहितो की, आपण रशियाच्या दोनशे डिव्हिजन धरून चाललो होतो, आतापर्यंत तीनशे साठ मोजल्या. दोन नोंदींत एकोणचाळीस दिवसांचे अंतर आहे. रशियनांनी तोवर लढाया हरल्या होत्या, लाखो माणसे गमावली होती. पण दीड हजारांवर कारखाने त्यांनी उखडून, आगगाड्यांवर लादून पूर्वेकडे हलवायला घेतले होते.

आगगाड्यांचे निघाले म्हणून सांगतो. ज्यांनी एकेकाळी मनमाडला किंवा मिरजेला मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत वळकट्या-ट्रंका चढवल्या असतील, त्यांना रुळांच्या रुंदीचे महत्त्व पटवून द्यायला नको. रशियाचे रूळ जर्मन रुळांपेक्षा साडेतीन इंच रुंद. साडेतीन मुहूर्त आणि साडेतीन शहाणे आपल्याला ठाऊक आहेत. जर्मनांना नडले ते हे साडेतीन इंच. जर्मन इंजिने सरहद्दीपलीकडे जाईनात. हजारो मैलांचे रूळ उखडून नव्याने ठोकावे लागले. तोवर पुढे गेलेल्या सैन्याला दारूगोळा आधी पाठवायचा, पेट्रोल आधी पाठवायचे की गरम कपडे, असा पेच पडला. गरम कपडे मागे राहिले. मुळात ते सगळ्यांना पुरतील एवढे तयारच केले नव्हते. हिवाळ्यापूर्वी आटोपणार होते ना! ज्यांच्या इतिहासात पानिपत आहे, त्या आपल्याला रसद तुटणे म्हणजे काय हे आणखी सांगायला नको.

समुद्र चीनपेक्षा मोठा आहे

तिकडे जपानच्या वहीतही हेच वाक्य होते. जपानने १९३१ मध्ये मांचुरिया घेतला आणि जुलै १९३७ मध्ये चीनशी उघड युद्ध सुरू केले. त्या वेळी युद्धमंत्री सुगियामा यांनी सम्राट हिरोहितोंना सांगितले होते की, चीनचे प्रकरण महिन्याभरात मिटेल. चार वर्षे झाली तरी ते मिटले नव्हते. चीनच्या युद्धाला तेल लागे, आणि जपानचे जवळजवळ ऐंशी टक्के तेल अमेरिकेतून येई. जपानी फौजा इंडोचीनच्या दक्षिण भागात शिरल्या तेव्हा, १९४१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये, अमेरिकेने जपानची येणी गोठवली आणि तेल तोडले. साठा दीड-दोन वर्षांपुरता. चीनमधून माघार घ्यायची, किंवा दक्षिणेकडच्या डच बेटांतल्या तेलविहिरी लढून घ्यायच्या, असे दोन रस्ते उरले.

५ सप्टेंबर १९४१ रोजी सम्राटांनी सुगियामांना विचारले की, दक्षिणेची मोहीम किती दिवसांत संपेल. सुगियामा आता भूदलाच्या जनरल स्टाफचे प्रमुख होते. तीन महिन्यांत, असे ते म्हणाले. सम्राटांनी त्यांना चार वर्षांपूर्वीच्या ‘एका महिन्याची’ आठवण दिली. चीनचा अंतर्भाग फार विस्तीर्ण निघाला, असा खुलासा सुगियामांनी केला. त्यावर सम्राटांनी विचारले की, पॅसिफिक महासागर त्याहून विस्तीर्ण नाही काय? सुगियामा खाली मान घालून उभे राहिले. पंतप्रधान कोनोए यांनी ही हकीगत लिहून ठेवली आहे. एवढा अचूक प्रश्न त्या साऱ्या युद्धात क्वचितच कुणी विचारला असेल. पण प्रश्न विचारूनही सम्राटांनी नकार दिला नाही. तीन महिन्यांच्या आत जपानी आरमार हवाईकडे निघाले होते.

डिसेंबरातला तो आठवडा

आता कलाटणीचा दिवस. माझ्या मते तो एक दिवस नसून एक आठवडा आहे : ५ ते ११ डिसेंबर १९४१.

५ डिसेंबरला मॉस्कोसमोर गारठलेल्या, थकलेल्या जर्मन फौजेवर रशियनांनी प्रतिहल्ला सुरू केला. ताज्या दमाच्या, गरम कपड्यांतल्या पलटणी पुढे आल्या, आणि जर्मन सैन्य या युद्धात प्रथमच मोठ्या आघाडीवर मागे हटू लागले. दोनच दिवसांनी, ७ डिसेंबरला, जपानने पर्ल हार्बरवर बाँब टाकले. जर्मनी रशियाला लोळवणार, इंग्लंड गुडघे टेकणार आणि मग एकटी पडलेली अमेरिका तडजोडीला येणार, अशा हिशेबाने जपान या युद्धात उतरला होता. ज्या घोड्यावर पैसे लावले तो दोन दिवस आधीच अडखळला होता!

पर्ल हार्बरला २,४०० हून अधिक अमेरिकन मेले, मोठमोठ्या युद्धनौका बुडाल्या. पण विमानवाहू नौका त्या दिवशी बंदरात नव्हत्या, आणि तेलाच्या प्रचंड टाक्या व दुरुस्तीच्या गोद्या शाबूत राहिल्या. जपानी वैमानिकांनी जहाजे मोजली, कोठारे मोजली नाहीत. झटपट युद्धाचा विचार करणाऱ्याला कोठारे दिसत नाहीत.

आणि ११ डिसेंबरला हिटलरने अमेरिकेवर युद्ध पुकारले. जपानशी झालेल्या कराराने तो बांधलेला नव्हता. जपानवर कुणी हल्ला केला तर मदत, असा तो करार होता. अमेरिका नाहीतरी इंग्लंडला मदत करतच आहे, आणि ती सज्ज होण्यापूर्वी सगळे आटोपेल, असे त्याने धरले. पर्ल हार्बरची बातमी आली त्या रात्री आपण निश्चिंत झोपलो, असे चर्चिल यांनी पुढे लिहिले. त्यांनी गणित केले होते.

पुढच्या सगळ्या प्रसिद्ध लढाया म्हणजे त्या आठवड्यात मांडलेल्या उदाहरणाच्या पायऱ्या. हार्वर्डला शिकलेले आणि अमेरिकेचे कारखाने डोळ्यांनी पाहिलेले जपानी सेनापती यामामोतो यांनी युद्धापूर्वीच बजावले होते की, सहा महिने, फार तर वर्षभर मी धुमाकूळ घालीन, पुढचे सांगवत नाही. ४ जून १९४२ रोजी मिडवेच्या लढाईत जपानच्या चार विमानवाहू नौका कामातून गेल्या, तेव्हा सहा महिने भरायला तीन दिवस बाकी होते. अल अलामेनला रोमेलचे रणगाडे थांबले. त्रिपोलीपासून तिथपर्यंत दोन हजार किलोमीटर पेट्रोल वाहून नेण्यातच पेट्रोल जळत होते. कॉकेशसच्या तेलाकडे निघालेली जर्मन फौज स्टालिनग्राडला वेढली गेली, तेव्हा विमानांनी रसद पोचवू असे वचन गोअरिंगने दिले. रोज निदान तीनशे टन हवे होते. सरासरी त्याच्या निम्मेही पोचले नाही. १९४३ च्या फेब्रुवारीच्या आरंभापर्यंत सुमारे ९१,००० उपाशी सैनिक शरण गेले. त्यांतले पाच-सहा हजारच पुढे घरी परतले.

उलट, १९४४ या एका वर्षात अमेरिकेने ९६,००० हून अधिक विमाने बांधली. जर्मनीची चाळीस हजारांच्या आसपास, जपानची अठ्ठावीस हजारांच्या. रशियाला अमेरिकेने दिलेल्या मोटारट्रक आणि जीपगाड्यांची संख्याच चार लाखांच्या घरात जाते. ६ जून १९४४ चे नॉर्मंडीतले शौर्य कमी लेखायचे नाही. पण शौर्य दोन्हीकडे होते. कोठार एकीकडेच होते.

दुसऱ्याच्या ताटातला घास

मग ज्यांचा हिशेब १९४१ च्या डिसेंबरातच चुकला होता, ते लढत का राहिले? बुडत्या धंद्यात माणूस आणखी पैसे ओततो, कारण थांबला तर आधीचे बुडाले हे कबूल करावे लागते. युद्धाच्या धंद्यात तर ओतायचे ते दुसऱ्याचे असते.

ही गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. झटपट युद्धाच्या अंदाजपत्रकात जमेच्या बाजूला नेहमी दुसऱ्याचे ताट धरलेले असते. रशियात शिरण्यापूर्वीच जर्मन अधिकाऱ्यांनी ठरवले होते की, सैन्याने तिथल्या धान्यावर जगायचे. त्यात तिथली लाखो माणसे उपाशी मरतील, हेही कागदावर आले होते. जर्मनांच्या हाती पडलेल्या सुमारे सत्तावन्न लाख रशियन कैद्यांपैकी तेहेतीस लाखांच्या आसपास मेले, बरेचसे भुकेने. लेनिनग्राडच्या वेढ्यात आठ लाखांच्या आसपास नागरिक गेले. आणि हिटलरच्या राजवटीने जे साठ लाख ज्यू मारले, त्यांतले बहुसंख्य त्या डिसेंबरनंतर मारले गेले. तो मात्र कुठल्याही गणिताचा भाग नव्हता. तो निव्वळ द्वेष होता. युद्ध लांबले त्याच्या प्रत्येक दिवशी त्या द्वेषाला आणखी माणसे मिळत गेली.

आपल्या दाराशीही हेच घडले. १९४४ च्या मार्चमध्ये जपानी सेनापती मुतागुची यांनी इंफाळ-कोहिमावर चढाई केली. सैनिकांच्या पाठीवर तीन आठवड्यांचा शिधा, बरोबर गुरांचे कळप. तीन आठवड्यांत इंफाळची इंग्रजी कोठारे हाती येतील हा हिशेब. गुरे चिंदविन नदीत आणि डोंगरांत मेली. सांगशाकच्या टेकडीवर जी थोडी फौज जपान्यांना चार-पाच दिवस अडवून राहिली, तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण होती. इंफाळला विमानांनी रसद पोचत राहिली, कोठारे जपान्यांच्या हाती लागली नाहीत, आणि वर पाऊस सुरू झाला. कोहिमाचे सेनापती सातो यांनी अखेर हुकूम मोडून उपाशी सैन्य मागे घेतले. सुमारे ८५,००० जपान्यांपैकी तीस हजारांच्या आसपास मेले. गोळीने मेले त्यांहून भुकेने आणि रोगाने मेले ते अधिक. आझाद हिंद सेनेच्या तुकड्याही त्याच उपाशी वाटेने परतल्या.

आणि बंगाल? ब्रह्मदेश पडला, तिथला तांदूळ बंद झाला. जपानी येतील म्हणून किनाऱ्यावरच्या होड्या सरकारने काढून घेतल्या. १९४२ च्या ऑक्टोबरात चक्रीवादळ आले. सैन्याच्या खरेदीने भाव चढले, साठेबाजांनी ते आणखी चढवले, आणि लंडनने धान्यासाठी पुरेशी जहाजे दिली नाहीत. १९४३ च्या त्या दुष्काळात आणि त्यामागून आलेल्या साथींत सुमारे तीस लाख माणसे मेली. त्यांच्यापैकी कुणालाही युद्ध हवे की नको, हे विचारलेले नव्हते. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कुणा हिंदी पुढाऱ्याला न विचारताच हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले होते.

मुंबईला १९४३ मध्ये रेशन आले. आपल्या आज्या-पणज्यांनी रेशनकार्ड हा शब्द शिकला तो या युद्धापायी. १४ एप्रिल १९४४ च्या दुपारी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या बोटीला आग लागली. पोटात कापसाच्या गठड्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटके! शेकडो माणसे मेली; त्यांत आग विझवायला गेलेले ६६ बंबवाले होते. तो दिवस अजून अग्निशमन दिन म्हणून पाळतात.

पंचवीस लाख हिंदी सैनिक या युद्धात उतरले आणि सुमारे ८७,००० परतले नाहीत. त्यांतले एक माणगाव तालुक्यातले नायक यशवंत घाडगे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे पडल्यावर ते एकटे शत्रूच्या मशिनगनवर धावून गेले, ती बंद पाडली, आणि लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तिथेच पडले. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या मागे आला. बर्लिनमध्ये चुकलेल्या बेरजेची बाकी कोकणातल्या एका घराने भरली.

तीन प्रश्न

यावर कुणी म्हणेल, काही युद्धे खरोखरच लवकर आटोपतात. आटोपतात. १९७१ चे युद्ध आपण ३ ते १६ डिसेंबर या तेरा दिवसांत जिंकले. पण त्या तेरा दिवसांच्या मागे आठ-नऊ महिन्यांची तयारी होती, आणि पावसाळा उलटेपर्यंत थांबण्याचा माणेकशांचा आग्रह होता. त्यांनी आधी कोठारे मोजली, मग तारीख ठरवली. हिटलर आणि मुतागुची यांनी आधी तारीख ठरवली.

दुसरे महायुद्ध १ सप्टेंबर १९३९ ते २ सप्टेंबर १९४५, म्हणजे सहा वर्षे आणि एक दिवस चालले. त्यात सहा-सात कोटी माणसे मेली असा अंदाज आहे. पुढे २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये शिरल्या, तेव्हाही राजधानी चार दिवसांत पडेल असे अनेक जाणत्यांना वाटले होते. चार दिवस गेले, आणि वर्षे गेली.

आपण काही सेनापती नाही, मंत्री नाही. पण घर चालवणारी माणसे आहोत. कुणी आठ दिवसांत घर रंगवून देतो म्हणाला, तर सामान आणले आहेस का, पैसे कुणाचे, आणि आठव्या दिवशी झाले नाही तर काय, हे तीन प्रश्न आपण विचारल्यावाचून राहात नाही. यापुढे कुणी टेबलावर मूठ आपटून ‘लवकरच आटोपेल’ असे सांगू लागला, मग तो कुठल्याही देशाचा असो, आपल्या आवडीच्या पक्षाचा असो, की दिवाणखान्यातल्या आरामखुर्चीतला असो, तर त्यालाही हेच तीन प्रश्न विचारावेत. कोठारात काय आहे? घास कुणाच्या ताटातला आहे? आणि आटोपले नाही तर?

उत्तर आले तर ऐकून घ्यावे. न आले तर आपण समजावे.

वाचकांची नवी वही समाधानाने भरो.